बटाट्याचा तोच पट्टा दरवर्षी बसतोय? औषध आणायच्या आधी खुरपं घ्या

आधी लक्षणं सांगतो. यातली दोन-तीन तरी तुमच्याकडं जुळत असतील तर पुढं वाचा, नाहीतर तुमचा प्रॉब्लेम वेगळा आहे.

लागवडीला ३५-४० दिवस झालेत, बाकी प्लॉट हिरवागार आणि मधेच एक लांबट पट्टा बुटका, फिकट. दुपारी बारा-एकच्या उन्हात त्या पट्ट्यातली झाडं मान टाकतात, संध्याकाळी परत उभी. पाणी दिलं तरी दुसऱ्या दिवशी तेच. युरिया फेकला की चार दिवस हिरवं दिसतं नि परत मूळपदावर. पट्टा गोल नसतो, नांगर-रोटर ज्या दिशेनं चालतो त्या दिशेनं लांबत जातो. गेल्या वर्षीही साधारण तिथंच होता, फक्त थोडा छोटा होता. आणि काढणीला त्या पट्ट्यातला माल बारीक तर निघतोच, वर सालीवर घामोळं आल्यासारखे बारीक बारीक फोड, हात फिरवला की खरखर लागतं. घरात महिनाभर ठेवला की फोड अजून उठून दिसतात.

हे सगळं निमॅटोडचं काम असू शकतं, म्हणजे सूत्रकृमी, मातीत राहून मुळात शिरणारे, नुसत्या डोळ्यांना न दिसणारे बारीक किडे. "असू शकतं" असं मुद्दाम म्हणतोय, कारण यातलं एकेक लक्षण दुसऱ्या पाच कारणांनी पण येतं.

आमचं रान आंबेगाव तालुक्यात, सातगाव पठारावर. खरिपाचा बटाटा, जूनच्या पावसावर लागवड नि सप्टेंबर-ऑक्टोबरला काढणी. आमच्या एका तुकड्यात हा पट्टा तीन वर्षं होता. पहिल्या वर्षी मी बुरशीनाशक सोडलं, दुसऱ्या वर्षी ह्युमिक आणि मायक्रोन्यूट्रियंट, तिसऱ्या वर्षी दुकानदारानं दिलेलं काहीतरी दाणेदार. पट्टा वाढतच गेला. शेवटी तात्यांनी, म्हणजे माझ्या चुलत्यांनी, वैतागून विचारलं, "अरे झाड उपटून मूळ बघितलंस का एकदा तरी?" बघितलं नव्हतं. तीन वर्षांत एकदाही नाही. तेव्हापासून आजूबाजूच्या बऱ्याच जणांच्या रानात हेच बघायला जातोय, आणि दहातल्या आठ ठिकाणी तीच गोष्ट, औषधांची बिलं आहेत पण मूळ कुणी बघितलेलं नाही.

आता चेक कुठून सुरू करायचे ते. फुकटचे आधी, खर्चाचे नंतर.

पहिलं : त्या तुकड्यात आधी काय होतं ते आठवा

याला रुपया लागत नाही. आपल्याकडं सापडतो तो मुळावर गाठी करणारा निमॅटोड, आणि त्याला बटाट्यापेक्षा टोमॅटो, वांगी, भेंडी, काकडी, दोडका, कारलं जास्त आवडतं. नारायणगावच्या बाजारामुळं आपल्या भागात टोमॅटो किती होतो ते सांगायला नको. टोमॅटोनंतर लगेच बटाटा घेतला असेल तर त्यानं पाळलेली पिल्लावळ तुम्ही बटाट्याला जेवायला बसवलीत असं समजा. मधल्या काळात रान पडीक होतं असं कुणी सांगितलं तरी तणाचं विचारा, घोळ आणि कामुनीच्या मुळावर पण हा मजेत जगतो.

अजून एक आठवायचं, रोटर कुणाचा आणला होता आणि तो त्याआधी कुणाच्या रानात चालला होता. हा किडा स्वतःच्या पायानं, म्हणजे पाय नाहीतच त्याला, पण स्वतःहून हंगामात फार तर हात-दोन हात सरकतो. पठाराच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला त्याला आपणच नेतो, रोटरच्या पात्याला चिकटलेल्या मातीतनं, वाहत्या पाण्यातनं आणि बेण्यातनं. पट्टा नांगराच्या दिशेनं लांबट का होतो तेही यातच आलं.

दुसरं : पाणी आणि हुमणी बाद करा

ड्रिप असेल तर त्या पट्ट्यातले ड्रिपर चालू आहेत का बघा, पाटपाणी असेल तर तिथं उंचवटा आहे का बघा. खाली मुरूम लागतो का तेही बघा, चार ठिकाणी पहार मारली की कळतं. मग दोन झाडांखाली खणा. मुळं कुरतडलेली आहेत, जाड पांढरी अळी इंग्रजी सी सारखी वळून बसलीय, तर ती हुमणी, तिचा इलाज वेगळा. यात दहा मिनिटं जातात, पण एका शेजाऱ्याचा "निमॅटोड" म्हणजे उंदरानं कुरतडलेली ड्रिपची नळी निघाली होती, म्हणून सांगतो.

तिसरं : खुरपं आणि बादली. इथं घाई करू नका

सगळ्यात जास्त चुका इथंच होतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

वेळ : लागवडीपासून साधारण ४५ ते ६० दिवस. त्याआधी गाठी फार बारीक असतात, उशिरा गेलात तर मुळं कुजायला लागलेली असतात.

जागा : पट्ट्याच्या मधलं पार मेलेलं झाड घेऊ नका. सगळे तेच उचलून आणतात, कारण ते सगळ्यात वाईट दिसतं. मेलेल्या झाडाच्या मुळात काही उरलेलं नसतं, किडे पण तिथून उठून जिवंत मुळाकडं गेलेले असतात. पट्ट्याच्या कडेला जिथं हिरवं आणि पिवळं भेटतं तिथली अर्धवट आजारी झाडं घ्या, आठ-दहा तरी. आणि जोडीला दोन झाडं पार चांगल्या भागातली घ्या, तुलनेला.

पद्धत : झाड धरून उपटायचं नाही. बटाट्याची बारीक मुळं तुटून मातीत राहतात नि गाठी नेमक्या त्याच मुळांवर असतात. बाजूनं वीतभर अंतर ठेवून खुरप्यानं नाहीतर कुदळीनं ढेकळासकट उचला, ते ढेकूळ बादलीतल्या पाण्यात पाच-दहा मिनिटं बुडवून ठेवा, माती आपोआप सुटते. नळाखाली जोरात धुऊ नका. मग पांढऱ्या ताटात किंवा पांढऱ्या कागदावर मुळं पसरून उन्हात बघा.

काय बघायचं : टोमॅटोच्या मुळावर हरभऱ्याएवढ्या, मोठ्या गाठोड्यासारख्या गाठी तुम्ही बघितल्या असतील. बटाट्यावर तसलं शोधायला गेलात तर काहीच दिसणार नाही आणि "आपल्यात नाही रे" म्हणून घरी याल. माझं पहिल्यांदा हेच झालं. बटाट्याच्या मुळावर गाठी खसखशीच्या दाण्यापासून मोहरीएवढ्या, मूळ मधेच जरासं फुगल्यासारखं, जपमाळेतल्या मण्यांसारखं. चांगल्या झाडाचं मूळ शेजारी ठेवलं की फरक डोळ्यात भरतो, नुसतं आजारी मूळ बघून भरत नाही. तुलनेची झाडं त्याचसाठी.

आणखी एक गोंधळ : प्लॉटमध्ये मागं राहिलेला हरभरा, घेवडा, भुईमूग उगवला असेल तर त्याच्या मुळावरच्या गाठी बघून घाबरू नका. त्या नत्राच्या गाठी, मुळाच्या बाजूला चिकटलेल्या असतात, नखानं सहज निघतात आणि फोडल्या तर आत गुलाबी. निमॅटोडची गाठ म्हणजे मूळच सुजलेलं, ते निघत नाही, ओढलं तर मूळ तुटतं.

चौथं : साल काढून बघा

काढणीला किंवा काढणीच्या आधी दोन-चार झाडांचे बटाटे काढून. फोड असलेला बटाटा घ्या, धुवा, आणि धारदार चाकूनं पातळ साल काढा, भाजीला काढता त्यापेक्षा जराशी जाड. सालीच्या लगेच खाली, पाव इंचाच्या आत, तपकिरी ठिपके दिसतात का बघा. ठिपक्याच्या मधे ओलसर चमकणारा, मोत्यासारखा टाचणीच्या टोकाएवढा दाणा असेल तर ती मादी. तीच अंडी घालते, एकेक मादी दोनशे ते पाचशे. आपल्या खरिपाच्या उबदार जमिनीत अंड्यापासून परत अंड्यापर्यंत महिनाभर पुरतो, म्हणजे एका बटाट्याच्या पिकात तीन पिढ्या सहज होतात, पहिली मुळात नि पुढच्या बटाट्यात.

इथं तीन गोष्टींशी गल्लत होते. पावसात वरंब्यात पाणी तुंबलं की सालीवर पांढरे कापसासारखे दाणे उठतात, ते सालीच्या श्वासाची छिद्रं फुगलेली असतात. नखानं खरवडलं की जातात, आत काही नसतं. दुसरं स्कॅब, खपली. ती खडबडीत, बुचासारखी, वरवरची, खाली ठिपके नसतात. तिसरं पतंगाची अळी, तिनं बोगदा केलेला असतो आणि डोळ्याजवळ काळी विष्ठा. फोड आहे पण साल काढल्यावर खाली पांढरास्वच्छ गर आहे, तर निमॅटोडचं नाव घेऊ नका.

हाच चेक बेण्याला लावा. मंचरला पंजाबचं बेणं येतं तेव्हा आपण डोळे बघतो, आकार बघतो, सड बघतो, कट्टा उचलून वजन बघतो. साल कुणी काढत नाही. प्रत्येक कट्ट्यातले तीन-चार बटाटे काढून साल काढून बघा, दुकानदार हसला तर हसू दे. मात्र कोल्ड स्टोरेजमधून आलेल्या बेण्यात फोड दबलेले असतात, म्हणून दहा-बारा बटाटे घरात उबेला दोन-तीन आठवडे ठेवून मग बघितलेलं बरं, लागवडीआधी बेणं बाहेर काढून ठेवतोच की आपण.

लोक विचारतात हा बटाटा खाल्ला तर चालतो का. चालतो, वनस्पतीतला निमॅटोड माणसाला काही करत नाही. पण बेणं म्हणून ठेवायचा नाही, आणि सालीचा कचरा उकिरड्यातून परत रानात जाऊ द्यायचा नाही.

पाचवं : ग्लासभर पाणी

झाड दुपारी मान टाकतं हे लक्षण मर रोगाचं पण आहे, आपल्याकडं बांगडी म्हणतात ती. फरक कळायला आजारी झाडाचं खोड जमिनीलगत कापा, वीतभर तुकडा काचेच्या ग्लासातल्या स्वच्छ पाण्यात टोक बुडेल असा उभा धरा, हलवू नका. पाच-दहा मिनिटांत कापलेल्या टोकातून दुधाच्या धारेसारखे धागे खाली उतरले तर तो बॅक्टेरिया. मग निमॅटोडच्या औषधानं तो बरा होणार नाही. कधी कधी दोन्ही एकत्र असतात, कारण निमॅटोडनं मुळाला पाडलेल्या भोकातनं बॅक्टेरिया आत शिरतो, त्यामुळं धागे दिसले तरी मुळं बघायची सोडू नका.

सहावं : भिंग आणि डबा

इथपर्यंत शंभर टक्के कळलं नसेल तर दहा पटीचं भिंग घ्या, शे-दीडशे रुपयांत मिळतं. मातीतला मोकळा किडा भिंगातनं दिसत नाही, तो अर्ध्या मिलिमीटरपेक्षा लहान आणि पारदर्शक, त्याला मायक्रोस्कोपच लागतो. भिंग आहे गाठ उकलून आतली मादी बघायला. गाठ सुईनं अलगद फोडा, नासपतीच्या आकाराचा पांढरा दाणा दिसला की काम झालं.

आणि डब्याचा प्रयोग, हा माझा आवडता, कारण उभं पीक नसलं तरी करता येतो. पट्ट्यातली माती वीतभर खोलीवरून आठ-दहा जागची घ्या, मिसळा, दोन भाग करा. एक भाग जुन्या पातेल्यात पाणी शिंपडून चुलीवर चांगला वाफ येईपर्यंत तापवा नि थंड करा. दोन सारखे डबे, तळाला भोकं, एकात कच्ची माती, एकात तापवलेली. दोन्हीत काकडीचं किंवा भेंडीचं बी लावा, सारखं पाणी, सारखं ऊन. साधारण ४० दिवसांनी दोन्ही झाडं ढेकळासकट बुडवून धुवा आणि मुळं शेजारी ठेवा. कच्च्या मातीतल्या मुळावर गाठी आणि तापवलेल्यात नाही, तर उत्तर मिळालं. बटाट्यावर लपून बसणारी गाठ काकडीवर ठळक दिसते. दोन्हीत गाठी आल्या तर तुमच्या पाण्यातनंच किडा आला, नाहीतर तापवणं कच्चं राहिलं.

यात मी एकदा तोंडघशी पडलोय. काकडीऐवजी नर्सरीतली टोमॅटोची रोपं लावली, ट्रे समोरच होता म्हणून. ४० दिवसांनी मुळं पांढरी स्वच्छ. शेजारच्या आबांना बिनधास्त सांगितलं, तुमच्यात निमॅटोड नाही. त्यांनी बटाटा लावला नि अर्धा एकर बसला. नंतर कळलं की ते टोमॅटोचं हायब्रीड निमॅटोडला प्रतिकारक होतं, बऱ्याच नव्या हायब्रीडमध्ये तो गुण घातलेला असतो. आबा अजून टोमणे मारतात. टोमॅटोच लावायचा असेल तर पुसा रुबीसारखा जुना वाण घ्या, नाहीतर सरळ काकडी.

सातवं : लॅबला माती

किती प्रमाणात आहे हे फक्त लॅब सांगते. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात सूत्रकृमींचं काम चालतं, जवळचं कृषी विज्ञान केंद्र पण रस्ता दाखवतं, फोन करून फी आणि नमुना कुठल्या वारी घेतात ते आधी विचारा.

नमुना घेताना एक मोठी चूक होते. साध्या माती परीक्षणाला आपण माती सावलीत वाळवतो, चाळतो, पिशवी भरतो. निमॅटोडसाठी असं केलं तर लॅबला मेलेली माती पोचते आणि रिपोर्ट येतो निल. माती ओलसरच पाहिजे. झिगझॅग चालत १५-२० ठिकाणी, वरचा थर बाजूला सारून मुळाजवळची १५-२० सेंटीमीटर खोलीपर्यंतची माती घ्या, हलकेच मिसळा, अर्धा किलो प्लास्टिक पिशवीत, सोबत मूठभर बारीक मुळं, तोंड घट्ट बांधा. चिठ्ठी पेन्सिलनं लिहा, शाई ओलीनं पसरते. गाडीच्या डिकीत उन्हात ठेवू नका आणि फ्रीजरमध्ये पण नको, गार सावलीत ठेवून दोन-तीन दिवसांत पोचवा. चांगल्या भागातली वेगळी पिशवी द्या.

नमुन्याची सगळ्यात चांगली वेळ काढणीच्या आसपास, तेव्हा संख्या सगळ्यात जास्त असते. मे महिन्यात तापलेल्या पडीक रानातली माती देऊन आकडा कमी आला म्हणून खूश होऊ नका. आणि आकडा किती मातीमागं दिलाय ते बघा, शंभर सीसी का दोनशे सीसी, नाहीतर शेजाऱ्याच्या रिपोर्टशी तुलना करून उगाच भांडाल.

इथं थांबा, माणूस बोलवा

मुळं बघताना गाठी नाहीत, पण मुळाच्या बाहेर चिकटलेले बारीक गोल दाणे दिसले, पांढरे, पिवळे-सोनेरी किंवा तपकिरी, तर पुढं काही करू नका. ती दुसरी जात असू शकते, सोनेरी सूत्रकृमी. १९६१ साली नीलगिरीत उटीजवळ ती पहिल्यांदा सापडली, आणि २०१८ मध्ये केंद्रानं हिमाचल, जम्मू-काश्मीर, उत्तराखंडमधलं बटाटा बेणं बाहेर न्यायला बंदी घातली ती याच किड्यामुळं. तिची अंडी त्या दाण्यात वीस-वीस वर्षं जिवंत राहतात. ते झाड पिशवीत घट्ट बांधा, त्या रानातली माती, अवजार, बटाटा बाहेर नेऊ नका आणि थेट तालुका कृषी अधिकाऱ्यांना कळवा. स्वतः औषध मारून "साफ" करायच्या भानगडीत पडू नका. आणि कुफरी स्वर्णासारखे बटाट्याचे वाण निमॅटोडपुढं टिकतात असं कुणी सांगितलं तर ते या सोनेरीवाल्यासाठी आहेत, आपल्या गाठीवाल्याला त्यांचा उपयोग नाही.

ग्लासात दुधाळ धागे दिसले, किंवा सगळे चेक स्वच्छ आले तरी पट्टा वाढतोय, किंवा तुम्ही बेण्यासाठीच प्लॉट करताय, तरी तज्ज्ञाला रानात आणा, फोटो पाठवून भागत नाही.

आणि निमॅटोडनाशक घ्यायच्या आधी तर नक्कीच. उभ्या पिकात, फोड आल्यावर, बटाट्याच्या आत बसलेल्या मादीला काढणारं औषध माझ्या बघण्यात नाही, जे काय करायचं ते लागवडीच्या आधी. फ्लुओपायरम, फ्लुएनसल्फोन अशी नवी औषधं आहेत, महाग आहेत, लेबलवर बटाटा लिहिलाय का आणि कधी द्यायचं ते वाचल्याशिवाय पैसे काढू नका. फोरेट हे जुनं दाणेदार औषध २०२० संपताना देशात बंद झालं, कुणी जुना डबा मागच्या कपाटातून काढून देत असेल तर घेऊ नका. दाणेदार औषध उघड्या हातानं फेकू नका.

पक्कं झाल्यावर मी काय करतो ते थोडक्यात. एप्रिल-मे मध्ये पंधरा दिवसांच्या अंतरानं दोन-तीन खोल नांगरटी, उन्हात माती उलटीपालटी. छोटा पट्टा असेल तर भिजवून पारदर्शक पातळ प्लास्टिक सहा आठवडे, कडा मातीत गाडून. काळं प्लास्टिक नको, त्याखालची माती तेवढी तापत नाही. लागवडीआधी निंबोळी पेंड, सोबत शेणखतात वाढवलेल्या ट्रायकोडर्मा आणि पॅसिलोमायसिस या उपयोगी बुरश्या. एक हंगाम ताग नाहीतर झेंडू, दसऱ्याला झेंडूचे पैसे पण होतात. टोमॅटो-वांगी त्या तुकड्यात दोन वर्षं बंद. आजारी तुकडा सगळ्यात शेवटी नांगरायचा आणि रोटर बांधावर धुवायचा, ट्रॅक्टरवाला कुरकुरतो, त्याला वर शंभर रुपये द्या. यानं निमॅटोड संपत नाही, कमी होतो. माझा पट्टा आता चार-पाच सरींवर आलाय, गेला नाहीये.

सध्या ओट्यावर दोन डबे ठेवलेत, आबांच्या वरच्या तुकड्यातल्या मातीचे. काकडीला तीन-तीन पानं आलीत, आबा रोज येऊन बघून जातात. अजून वीस दिवस तरी उपटू देणार नाही.